मारा सेल्फ, चाची

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामू, तौहीद मुकादम. कसम घ्यायची वेळ आली तरी मामू यातला एक शब्द बदलणार नाहीत.

आणि मी त्या गाडीत बसलेय. दोनदा. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर जवळही गेले नसते.

तुम्हाला वाटेल अमावास्येची रात्र असेल, सुनसान रस्ता असेल.

नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर १९९६. नेरूळ. भर दुपार. ऑक्टोबरचं ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा.

मामूंचं तेव्हा शिरवण्यात छोटं दुकान होतं. ऑटो इलेक्ट्रिशियन. डायनॅमो, सेल्फ, वायरिंग, सगळं करायचे. जुन्या गाड्यांवर त्यांचा हात चांगला, म्हणून लांबून लांबून लोक यायचे.

त्यातलेच एक कासिम पोईलकर. न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंट होते. मामू त्यांना कासिमचाचा म्हणायचे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची लँडमास्टर होती. सत्तावनची. राखाडी रंगाची, गोल पाठीची, जड गाडी. चाचा तिला रोज पोर्टवर घेऊन जायचे, ट्रेलरच्या रांगेत उभी करायचे आणि म्हणायचे, ‘‘ही रांगेत उभी राहिली की बाकीच्या गाड्या भंगार वाटतात.’’

पण गाडी एका गोष्टीने सतवायची. मधेच बंद पडायची.

जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन बारीक पॉइंट असतात. ते उघडतात, मिटतात, आणि तेव्हा प्लगला करंट जातो. ते पॉइंट जळतात. त्यात आमच्याकडे खाडीची खारी हवा. महिन्याभरात काळे पडायचे. मग गाडी खोकायची आणि जागेवर थांबायची. घासून दिले की पुन्हा चालू.

कासिमचाचांनी यावर इलाज शोधला. जहाजावर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवलं. पॉइंट काढून टाकायचे, त्या जागी एक लोहचुंबकाची कडी आणि एक छोटी डबी बसवायची. घासायची भानगडच नाही.

मार्च महिन्यात ते खोकं घेऊन ते दुकानात आले.

‘‘तौहीद, हे बसव.’’

मामूंनी खोकं उघडून बघितलं. काम सोपं नव्हतं. त्या गाडीची सगळी वायरिंग उलटी. बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. किटला मात्र मायनस बॉडीला लागतो. म्हणजे बॅटरी फिरवा, कॉइल फिरवा, डायनॅमो सरळ करा. अख्खा दिवस जाणार.

‘‘करतो चाचा. पुढच्या शनिवारी.’’

तो शनिवार गेला. मग दुसरा गेला. चाचा दर आठवड्याला यायचे. मामू दर आठवड्याला म्हणायचे, ‘‘करतो, करतो.’’

खोकं ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

मे महिन्यात एका रात्री कासिमचाचांच्या छातीत दुखायला लागलं. घरात एकटेच होते. बायको आणि मुलगी मोऱ्याला माहेरी गेलेल्या. त्यांनी कोणाला उठवलं नाही. स्वतःच गाडी काढली आणि हॉस्पिटलला निघाले.

शिरवण्याजवळ हायवेवर गाडी बंद पडली.

पहाटे दूधवाल्याला ती दिसली. चाचा सीटवरच होते. डोकं स्टीअरिंगला टेकलेलं.

डावा हात सेल्फच्या नॉबवर.

त्या गाडीला चावीने सेल्फ लागत नाही. डॅशबोर्डवर एक नॉब आहे, त्याला मागून तार. नॉब हाताने ओढायचा, तेव्हा सेल्फ फिरतो. सोडला की स्प्रिंगने आत जातो. चाचांची बोटं त्या नॉबवर घट्ट वळलेली होती. सोडवायला दोन माणसं लागली. बॅटरी पूर्ण उतरलेली.

म्हणजे तो माणूस शेवटपर्यंत सेल्फ मारत होता.

गाडी ओढून आणायला मामूंनाच बोलावलं. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. पॉइंट कोळशासारखे काळे.

लोकांनी विचारलं, ‘‘काय झालं होतं गाडीला?’’

मामू म्हणाले, ‘‘बॅटरी गेली होती.’’

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करिमुन्निसाचाची दुकानात आल्या. म्हणजे कासिमचाचांची बायको. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत संपून जेमतेम काही दिवस झालेले. चेहरा अर्धा झालेला.

‘‘तौहीद, गाडी पुन्हा बंद पडली रे. सहर चालवत होती, मी बाजूला. उरणच्या रोडवर. मागून ट्रेलर आला... तो कट मारून गेला म्हणून आज तुझ्यासमोर उभी आहे.’’

सहर त्यांची मुलगी. एकवीस वर्षांची. गाडी तिला अब्बांनीच शिकवलेली.

‘‘विकून टाका ना चाची.’’

‘‘सहर ऐकत नाही. म्हणते, अब्बांची गाडी आहे. तू काहीतरी कायमचा इलाज कर.’’

मामू ड्रॉवरकडे बघत होते.

‘‘एक किट येतं,’’ ते म्हणाले. ‘‘मुंबईहून मागवतो.’’

त्या गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून खोकं काढलं. त्याच्या झाकणावर चाचांनी पेनाने गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली होती. मामूंनी ब्लेडने ती तारीख खरवडून काढली.

आणि १९ तारखेच्या शनिवारी ते खोकं घेऊन नेरूळला गेले.

*

पोईलकरांचं सिडकोचं रो-हाऊस. पुढे पत्र्याचं पोर्च, एक गाडी मावेल एवढं. लँडमास्टर तोंड भिंतीकडे करून उभी होती. मामू भिंत आणि गाडी यांच्या मधल्या बोळात शिरले आणि बॉनेट वर केलं.

बॉनेट वर गेलं की समोर फक्त पत्रा. काच दिसत नाही. आत कोण बसलंय तेही दिसत नाही.

सहर वाशीला ऑफिसला गेलेली, हाफ डे होता. घरात चाची एकट्या.

‘‘चाची, आत बसाल का? मी ‘मारा’ म्हटलं की नॉब ओढायचा. ‘बस’ म्हटलं की सोडायचा.’’

‘‘मला शिकवतोस?’’ चाची पहिल्यांदाच थोडं हसल्या. ‘‘वीस वर्षं हेच केलंय मी. ते बॉनेटखाली आणि मी सीटवर.’’

त्या बसल्या. दार लागलं.

मामूंनी बॅटरी फिरवली. कॉइलच्या वायरी बदलल्या. पॉइंट काढले. डबी बसवली. चुंबकाची कडी नीट फिरते की नाही ते बघायला इंजिन जरासं फिरवावं लागतं.

‘‘मारा, चाची.’’

घर्र...

‘‘बस.’’

चाचींचा हात हलका. नॉब हळूच ओढायच्या. इंजिन आळस दिल्यासारखं वळायचं.

मग मशिदीतून जोहरची अजान झाली. चाची काहीतरी बोलल्या. मामूंनी दातात वायर धरलेली होती. त्यांनी नुसतं ‘‘हं’’ केलं.

दाराचा आवाज झाला असेल. त्यांना आठवत नाही.

लाल वायर जोडली. काळी जोडली. टेप मारली.

‘‘मारा, चाची.’’

काहीच नाही.

‘‘चाची?’’

मग सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या... जड माणूस बसल्यावर कुरकुरतात तशा.

खट्!

घर्रर्र!

इंजिन असं जोरात फिरलं की मामूंचा हात पंख्याला लागता लागता वाचला.

‘‘हळू ना चाची! बस!’’

लगेच थांबलं.

मामूंना वाटलं, चाची चिडल्या असतील. गरमी पण तशीच होती. त्यांनी कडी जराशी सरकवली. पुन्हा ‘मारा’ म्हणायला तोंड उघडलं...

शब्द बाहेर पडायच्या आत इंजिन फिरलं.

आणि ते ‘बस’ म्हणायच्या आत थांबलं.

बरोबर हव्या त्या जागी. केसाचाही फरक नाही.

मामू मनात म्हणाले, वीस वर्षांची सवय आहे खरी.

ते स्क्रू आवळायला वाकले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुठे मिक्सर नाही, टीव्ही नाही. रोज दुपारी भुंकणारा समोरच्या बंगल्यातला कुत्रा गेटला नाक लावून उभा होता. गाडीकडे बघत होता. भुंकत नव्हता.

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला.

टक... टक... टक...

स्टीअरिंगवर काहीतरी वाजत होतं. कंटाळलेला माणूस बोटांनी वाजवतो तसं. मामूंना वाटलं, चाचींच्या बांगड्या.

टक... टक...

‘‘झालंच, चाची. पाच मिनटं.’’

टकटक थांबली.

आणि तिच्या जागी दुसरा आवाज आला.

श्वासाचा.

छोटा, अर्धवट. आत घेतला की अडकायचा. मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा एक. जिना चढून आलेल्या माणसाला धाप लागते ना, तसा. पण धाप हळूहळू कमी होते.

ही कमी होत नव्हती.

‘‘चाची, त्रास होतोय का? गरम होत असेल तर उतरा तुमी. मी बघतो.’’

आतून तोच श्वास.

मामू म्हणतात, त्याच वेळी मी बाजूला होऊन बघायला हवं होतं. दोन पावलं टाकायची होती फक्त. पण हात कामात होते, आणि मनात एकच... लवकर संपव आणि निघ इथून.

‘‘चावी ऑन करा. आता मारा.’’

क्लिक.

खट्.

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. चाळीस वर्षांचं इंजिन, पण पुन्हा जन्म झाल्यासारखं. नुसतं थोडं थरथरत होतं. स्पार्क पडायची वेळ किंचित मागे-पुढे असली की असं होतं. मेकॅनिक लोक त्याला टायमिंग लवकर किंवा लेट म्हणतात. मामू डिस्ट्रिब्युटर हाताने धरून थोडं थोडं वळवत कानाने अंदाज घ्यायला लागले.

इंजिनाचा एवढा आवाज. त्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

‘‘लेट हाय.’’

मामूंनी आणखी वळवलं. ‘‘हां, करतो.’’

‘‘अजून लेट हाय, तौहीद.’’

‘‘करतो, करतो.’’

आणखी एक केसभर. थरथर गेली. इंजिन एकदम मऊ झालं.

आणि तेव्हा कुठे मामूंच्या डोक्यात शिरलं...

तो आवाज बाईचा नव्हता.

त्यांचा हात डिस्ट्रिब्युटरवरच राहिला. समोर बॉनेटचा पत्रा. पाठीला भिंत. पायाखाली घामाचे थेंब टपकत होते. शेजारचं कोणी आलं असेल. गेटवर कोणी उभं असेल. त्यांनी स्वतःला शंभर गोष्टी सांगितल्या.

‘‘बंद करा, चाची,’’ ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

क्लिक.

इंजिन बंद झालं.

सगळीकडे शांतता.

आणि त्या शांततेत, गाडीतून नाही, घराच्या दारातून आवाज आला.

‘‘झालं का रे?’’

मामूंनी मान वळवली. करिमुन्निसाचाची उंबऱ्यात उभ्या होत्या. नमाजाची पांढरी ओढणी डोक्यावर. हातात चहाचा ट्रे. मनगटं उघडी.

एकही बांगडी नव्हती. मे महिन्यापासून त्यांनी घातलीच नव्हती.

‘‘तुमी... कधी उतरलात?’’

‘‘अजान झाली तेव्हाच. सांगितलं की तुला. हं म्हणालास.’’

मामूंनी बॉनेट धरलं. हळूहळू खाली आणलं. आधी छत दिसलं... मग काच... मग स्टीअरिंग...

सीट रिकामी.

चावीला लावलेली चामड्याची पट्टी हलत होती.

आणि सेल्फचा नॉब अर्धा बाहेर होता.

तो अर्धा राहत नाही. त्याला स्प्रिंग आहे. कोणी धरून ठेवल्याशिवाय तो बाहेर राहूच शकत नाही.

मामू बघत होते. चाचीही बघत होत्या.

खट्.

नॉब आत गेला.

*

चाची ओरडल्या नाहीत. त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला. कपातला चहा बशीत सांडलेला होता.

‘‘कोणाशी बोलत होतास?’’

‘‘कोणाशी नाही, चाची.’’

‘‘मी आतून ऐकलं. करतो, करतो म्हणत होतास.’’

आता सांगून टाकावं, असं मामूंना वाटलं. की हे किट मुंबईहून आणलेलं नाही. की ते मार्चपासून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. की त्या रात्री ही गाडी बंद पडायलाच नको होती.

त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

पण चाचींनी आधी विचारलं. अगदी हळू आवाजात. जवळ येऊन.

‘‘त्रास होता का रे त्यांना? आवाजावरून कळतं ना... दुखत होतं का?’’

पाच महिने ती बाई हाच प्रश्न घेऊन जगत होती. आपण नव्हतो तेव्हा त्यांना किती दुखलं. किती वेळ दुखलं. सांगणारं कोणीच नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी भेटला होता.

मामूंच्या कानात तो श्वास अजून होता. अडकणारा. न संपणारा.

‘‘नाही, चाची.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरंच. मस्त होते. टायमिंग बरोबर करून घेतलं माझ्याकडून. हसले पण.’’

चाचींनी ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग म्हणाल्या, ‘‘अल्लाह तुझं भलं करो.’’

मामूंना ती दुवा अंगावर उकळतं पाणी पडावं तशी लागली. पण खोक्याचं त्यांनी सांगितलं नाही. आता कसं सांगणार?

*

दोनच्या सुमाराला सहर आली. गाडी झाली म्हटल्यावर पर्ससुद्धा ठेवली नाही.

‘‘एक राउंड मारूया, अम्मी! चल ना!’’

मामू पुढे झाले. ‘‘आज राहू दे, सहर. उद्या चालव. मी एकदा चेक करतो.’’

‘‘काय टेन्शन घेता तौहीदभाई! तुमच्याच हातचं काम आहे ना?’’

ती सीटवर बसली. तिथेच. त्याच सीटवर. मामूंना बघवेना. पण काही झालं नाही. तिने नॉब ओढला, गाडी लगेच सुरू झाली.

चाची गाडीला वळसा घालून आल्या. पुढचं डावं दार मामूंनी त्यांच्यासाठी उघडून धरलं.

चाचींनी ते दार हळूच लावून घेतलं.

आणि मागचं दार उघडून मागे बसल्या.

सहर म्हणाली, ‘‘अम्मी, मागे कशाला? पुढे ये ना.’’

‘‘तू शिकत होतीस तेव्हा मी मागेच बसायचे ना,’’ चाची म्हणाल्या. ‘‘बरी आहे इथे.’’

गाडी रिव्हर्समध्ये पोर्चबाहेर आली, गल्लीत वळली. मामू गेटजवळ उभे होते. गाडीच्या डाव्या अंगाला.

सहरचे दोन्ही हात स्टीअरिंगवर.

चाची मागे, मांडीत हात घेऊन.

पुढची डावी सीट रिकामी.

गाडी समोरून जात असताना त्या रिकाम्या सीटजवळची काच...

खाली यायला लागली.

थोडी. मग थांबली. मग आणखी थोडी. आतून हाताने हँडल फिरवल्यावर येते तशी, धक्क्याधक्क्याने. पूर्ण खाली आली.

चाचींनी ते बघितलं होतं, असं मामू म्हणतात. त्यांनी मान फिरवली नाही.

*

सहरने ती लँडमास्टर पुढे अकरा वर्षं चालवली. पोर्टच्या रस्त्यावर, पनवेलला, मोऱ्याला. ऊन असो, पाऊस असो, ती गाडी पुन्हा एकदाही बंद पडली नाही. किट एकदाही उघडावं लागलं नाही. चाची वारल्यावर तिने ती पुण्याच्या कोणालातरी देऊन टाकली. आता कुठे आहे, माहीत नाही.

मामूंनी तेव्हा शिरवण्याच्या मशिदीतल्या मौलवींना विचारलं होतं. नाव न घेता, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट म्हणून. मौलवी म्हणाले, गेलेला माणूस परत येत नाही. तिथे जे कोणी बसलं होतं, तो तुमचा माणूस नसणार. दुसरंच काहीतरी असणार.

मामूंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. कारण त्या दुसऱ्याच कशालातरी त्यांचं नाव माहीत होतं.

चाची हयात असेपर्यंत मामूंनी हे कोणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं ते गेल्या रमजानमध्ये, इफ्तार झाल्यावर. 

शेवटी म्हणाले, ‘‘भुताची भीती नाही गं वाटत. चाची मला विचारत होती ना, दुखत होतं का... तेव्हा गाडीचं दार बंद होतं. आतून कोणीच उतरलेलं नव्हतं.’’



‘‘तो तिथेच बसला होता,’’ मामू म्हणाले. ‘‘आणि मी काय सांगितलं, ते सगळं त्याने ऐकलं.’’